कुपनावरचा पावणा

आमच्या कोल्हापुरात एसटीत पायावर पाय देणाऱ्यालाही पावणं म्हणतात आणि मुलगी बघायला आलेल्यालाही पावणंच म्हणतात. पत्ता विचारायचा तर ‘ओ पावणं’, भांडण काढायचं तरी ‘काय ओ पावणं’. त्यामुळं पिराजीला सगळी मेस पावणं म्हणायची याचं कुणाला काही वाटत नव्हतं. खुद्द त्यालाही. फरक एवढाच, की बाकीचे लोक बोलण्यापुरते पावणे असतात. पिराजी जेवणापुरता होता, आणि गेली आठ वर्षं जेवत होता.

मेस गौराक्काची. राजारामपुरीतल्या एका गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या मागं. गौराक्का संकेश्वरकडची लिंगायत बाई. हिशेब मराठीत करायची, रागवायची कानडीत, आणि भाकरी अशी थापायची की खाणाऱ्यानं भाषा विसरावी. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, झुणका, दही. अंड्याला दारातसुद्धा उभं करायची नाही. जेवायला आम्ही, म्हणजे आजरा, गडहिंग्लज, गारगोटीकडून शिकायला आलेली आणि शिकण्याव्यतिरिक्त सगळं करणारी पोरं.

पिराजी मात्र शिकायला आलेला नव्हता. तो मुरगूडचा. शहाण्णव साली पोलीस भरतीला आला आणि छाती अर्धा इंच कमी भरली. पुढच्या भरतीपर्यंत थांबू म्हणून थांबला तो थांबलाच. गौराक्काच्या भाकरीनं छाती पुढं भरून आली, पण तोवर पोट छातीच्याही पुढं निघून गेलं होतं. मग त्यानं चौकात एक स्टूल आणि एक काचेची पेटी टाकून रेडियमचा धंदा सुरू केला. गाड्यांच्या नंबरप्लेट, रिक्षांच्या काचेवर मालकाच्या पोरांची नावं, ट्रॉलीच्या मागं ‘आईची पुण्याई’. हात सुरेख. शुद्धलेखन देवाच्या हवाली.

त्या काळी मेसला कुपनं होती. महिन्याचे पैसे भरले की अक्का एक पुस्तक द्यायची. गुलाबी कुपन सकाळचं, पिवळं रात्रीचं. प्रत्येकावर जांभळ्या शाईत नंदीचा शिक्का आणि बाजूला अक्काची कानडी सही. दारात डबा ठेवलेला. कुपन टाका, ताट घ्या. कुपन कुणाचं, हे अक्का बघायची नाही.

“मला कागद दिसतोय, तोंड न्हाय दिसत,” ती म्हणायची.

कागदाचे हाल व्हायचे ते सांगायला नकोत. विजारीच्या खिशात धुतलं जायचं, पावसात भिजायचं, एकाचं तर उंदरानं खाल्लं होतं. भिजून लगदा झालेलं कुपन अक्का दिव्यापुढं धरायची. “नंदीचं एक शिंग दिसतंय. बस जेवायला.” दोन्ही शिंगं गेली असतील तर मात्र कानडी सुरू व्हायची.

या कागदावर पिराजी जगत होता. बुधवारी आणि रविवारी आम्ही सगळे मटणाला पळायचो. त्या दोन दिवशी अख्खं कोल्हापूर रस्सा ओरपत असताना हा एकटा माणूस कडक शाकाहारी असायचा. इतर दिवशीही कुणी गावाला गेलेलं असायचं, कुणाचं पोट बिघडलेलं असायचं, कुणाचं प्रेम बिघडलेलं असायचं. न जेवलेल्या वेळेचा खाडा धरायचा तर अक्काला आदल्या दिवशी सांगावं लागे, आणि प्रेम काही आदल्या दिवशी सांगून बिघडत नाही. त्यामुळं कुपन शिल्लक राहायचंच.

पिराजीनं ते कधी मागितलं नाही. संध्याकाळी खोलीवर यायचा, आरशात भांग पाडायचा, उसाच्या दराबद्दल दोन शब्द बोलायचा, आणि गप्प बसायचा. मग कुणीतरी म्हणायचं, “पावणं, एक कुपन वाया चाललंय बघा.”

“वाया?” तो दचकायचा. “अन्न वाया घालवू न्हाई, भावा. आण हिकडं.”

म्हणजे उपकार आमच्यावरच. आणि खरं सांगायचं तर ते फिटायचेही. आमच्यातल्या एकाही गाडीची नंबरप्लेट विकतची नव्हती. मला टायफॉइड झाला तेव्हा याच माणसानं मला पाठुंगळी दवाखान्यात नेलं, आणि मी ॲडमिट असेपर्यंत माझी कुपनं खाल्ली. दोन्ही गोष्टी सारख्याच मनापासून.

मी एकदा विचारलं, “पावणं, आता धंदा चालतोय, एक पुस्तक घेत का न्हाईसा?”

“घेतलं असतं की. पन मग रोज एकाच मान्साचं जेवाय लागतंय.”

पुढं राजारामपुरीत रंगीत झेरॉक्स आली. एका आठवड्यात अक्काच्या डब्यात भाकऱ्यांपेक्षा कुपनं जास्त जमली. अक्कानं सगळी कुपनं परातीत ओतली आणि एक उचलून म्हणाली, “ह्यो माझा नंदी न्हवं. ह्यो हसतोय.” कुणी केलं ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्या आठवड्यात आमच्यापैकी एक-दोघं बरीच जाड झाली होती.

तिथं अक्काचा भाचा सोमशेखर पुढं आला. डिप्लोमा झालेला, शिरोलीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात कामाला. कारखान्यानं कँटीनचं जुनं स्मार्ट कार्डाचं मशीन आणि त्याला जोडलेलं लोखंडी जाळीचं दार भंगारात काढलं होतं, ते दोन्ही यानं स्वस्तात उचललं.

“अत्ती, आता कागद बंद,” तो आत्याला म्हणाला. “कार्ड टेकवलं की दार उघडतंय आणि एक जेवण कमी. फोटो असतोय. झेरॉक्स होत न्हाय.”

अक्कानं कार्ड उलटंसुलटं केलं. वर सोनेरी चौकोन चमकत होता. “हे सोनं हाय काय?”

“चिप हाय ती. सगळा हिशेब त्यात.”

“एवढ्याशात माझी सगळी पोरं?” म्हणत तिनं ते दाताखाली धरून बघितलं. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या एकानं काळ्या दोऱ्यात अडकवायला म्हणून कार्डाला भोक पाडलं, तेही नेमकं त्या सोनेरी चौकोनातून, कारण ‘देवानं जागा करूनच दिलीया’. दोन दिवस उपाशी राहिला.

मशीन कारखान्याचं, त्यामुळं त्याची भाषाही कारखान्याची. त्याच्या लेखी माणसं चारच प्रकारची. कामगार, कंत्राटी, मॅनेजमेंट आणि व्हिजिटर. आम्ही सगळे कामगार झालो. रात्री आठला भाकरी खायला गेलं की पडद्यावर इंग्रजीत ‘सेकंड शिफ्ट’ उमटायचं. गौराक्का एकटी मॅनेजमेंट.

नोंदणीच्या दिवशी सोमशेखर टेबल मांडून बसला होता. पिराजी गंमत बघायला आला आणि गर्दीनं त्याला टेबलापुढं ढकललं.

“हे कोण?” सोमशेखरनं मान वर न करता विचारलं.

“पावणं!” आम्ही सात-आठ जण एकदम बोललो. दुसरं काय म्हणणार?

“मग व्हिजिटर,” म्हणत त्यानं बटण दाबलं, फोटो काढला आणि कार्ड हातात दिलं. पिराजी खूश. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या फोटोखाली काहीतरी छापलं गेलं होतं.

ही खुशी रात्रीपर्यंत टिकली. व्हिजिटरला एकट्यानं आत जाता येत नाही, हे तेव्हा कळलं. आधी यजमानानं आपलं कार्ड टेकवायचं, मग व्हिजिटरनं. जेवण यजमानाच्या खात्यातून वजा. आमच्यासारख्या कामगाराला मशीन एकदा बारीक ‘टीं’ करायचं. व्हिजिटरला मात्र ‘टूंऽऽ टूंऽऽ’ असा लांबलचक सूर लावायचं, की ताटावरची पोरं घास हातात धरून दाराकडं बघायची.

एरवी मला कार्ड आवडलं होतं. विजारीबरोबर धुतलं तर आणखी स्वच्छ निघायचं. खाडा धरायला मशीनला कारण सांगावं लागायचं नाही. पण कागदाची एक गोष्ट कार्डात नव्हती. कुपन खोलीत दिलं-घेतलं जायचं, दारात कुणाला काही कळायचं नाही. कार्डाला मात्र रोज कुणीतरी सोबत येऊन सगळ्यांदेखत सांगायला हवं, की हा माझ्या जेवणातला जेवतोय. आणि कुपन एक फाडून देता येतं. कार्ड द्यायचं तर अख्खा महिना द्यावा लागतो. एवढी मैत्री कुणाचीच नसते.

पिराजी हळूहळू उशिरा यायला लागला. मग एक आड एक दिवस यायला लागला. एकदा चौकात स्टुलावर बसून केळं खाताना दिसला. मी म्हटलं, “चला की जेवायला, मी हाय न्हवं?”

“भूक न्हाय आज.”

इतक्या वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

तशात त्याचं लग्न जुळत आलं होतं. तेही रेडियममुळंच. शिरोळच्या गणपतराव नावाच्या बागायतदारानं ट्रॅक्टरवर लेकीचं नाव घालून घेतलं. पिराजीनं झोकात लिहून दिलं, ‘भुमिका’. आठवड्यानं निरोप आला, मुलगी म्हणते उकार दीर्घ पाहिजे. पिराजी पदरखर्चानं शिरोळला गेला. एक उकार बदलायला त्याला सबंध दुपार लागली आणि चार चहा लागले. चहा आणून देणारी भूमिकाच होती. पुढच्या दोन महिन्यांत त्या ट्रॅक्टरवर आणखी बरंच काही दुरुस्त करण्यासारखं निघालं.

गणपतरावांना पोरगा पसंत होता. त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, “जेवणाखाण्याचं काय करतासा?” आणि पिराजीनं छाती काढून सांगितलं होतं, “मेस लावलीया की. महिन्याची.” गणपतरावांनी मान डोलावली होती. “बरं हाय. जो सोताच्या पोटाचं बघतोय, त्योच दुसऱ्याच्या पोरीचं बघतोय.”

एका रविवारी दुपारी सगळी पोरं मटणाला गेलेली. मी पोट बिघडलं म्हणून दहीभात खायच्या विचारात होतो. तेवढ्यात पिराजी जिना चढून आला. चेहरा पांढराफटक.

“भावा, आली ती!”

“कोण?”

“शिरोळची! बा आणि लेक. अंबाबाईला आलीती. म्हनत्यात, आता आलोयच तर पावणं, तुमच्या मेसमधी जेवू. तुझं कार्ड घे. पाया पडतो.”

खाली मेसच्या दारात गणपतराव पांढरी टोपी घालून, हातात प्रसादाचा पुडा घेऊन उभे होते. शेजारी भूमिका. ती दारावरच्या सगळ्या पाट्या वाचत होती आणि मनातल्या मनात दुरुस्त करत होती, हे तिच्या ओठांवरून दिसत होतं.

मी कार्ड टेकवलं. पिराजीनं टेकवलं. टूंऽऽ टूंऽऽ. खटाक करून दार उघडलं. इथं कारखान्यातला माणूस सरळ आत गेला असता. पण आम्ही पडलो कोल्हापूरचे.

“चला, तुमी व्हा म्होरं,” पिराजी म्हणाला.

“छ्या! तुमी व्हा,” गणपतराव म्हणाले.

“आसं कसं? तुमी थोरलं.”

“आन् तुमी घरचं. व्हा, व्हा.”

“न्हाय न्हाय, पयला मान तुमचा...”

खटाक. दार मिटलं. मशीनला मानपान शिकवलेला नव्हता.

मी पुन्हा कार्ड टेकवलं. पुन्हा टूंऽऽ टूंऽऽ, पुन्हा ‘तुमी व्हा’, पुन्हा खटाक. माझी जेवणं मात्र दर खेपेला वजा होत होती. तिसऱ्या वेळी गणपतरावांनी वैतागून पिराजीला दंडाला धरलं आणि आत ढकललं. तो आत गेला आणि दार मिटलं. आता जावई आत, सासरा बाहेर, मध्ये लोखंडी जाळी. त्याला बाहेर काढायला मी कार्ड टेकवलं तर लाल दिवा लागला. माझ्या कार्डावर महिनाअखेरची तीनच जेवणं उरली होती, ती संपली. आणि यजमानाशिवाय व्हिजिटरला बाहेरही येता येत नव्हतं.

“काय ओ,” गणपतराव जाळीतून आत बघत म्हणाले, “खानावळ हाय का कळंबा जेल?”

भूमिका तोंडाला ओढणी लावून हसत होती.

आवाज ऐकून गौराक्का स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी दाराशी आली. “काय झालं रे?”

“अक्का, पावणं आल्यात,” आतून पिराजी.

“पावणं तर आतच हाय की.”

“त्यो न्हवं ओ! बाहीर! खरं पावणं!”

अक्कानं जाळीतून बघितलं. दारात माणसं उभी आणि दार बंद, हे तिच्या लक्षात आलं आणि कानडी सुरू झाली. त्यातलं सोमशेखरचं नाव तेवढं मला कळलं. तिनं कमरेच्या पिशवीतलं कार्ड मशीनवर आपटलं, दार सताड उघडलं आणि ज्वारीचं अर्धं पोतं ओढून दारात आडवं टाकलं. मशीन केकाटायला लागलं. तिनं वायर उपटली.

“या ओ पावणं,” ती म्हणाली. “पावण्याला दारात उभं करायची थट्टा आमच्यात न्हाय कुनी करत.”

जेवण उत्तम झालं. गणपतरावांनी चटणी तीनदा मागून घेतली. पिराजी दोन भाकऱ्यांवर थांबला आणि ‘बास, बास’ करत राहिला, तशी त्याची सवयच होती. सगळं सुखरूप पार पडणार असं वाटत असताना गणपतरावांनी हात चाटत विचारलं, “अक्का, आमच्या पावण्यांची मेस कवापास्नं हाय हितं?”

“मेस?” अक्का वाढता वाढता थांबली. तिला बिचारीला काय माहीत! “ह्येनं कवा मेस लावली? ह्यो तर आमचा पावणा. आट वर्सं झाली की.”

पिराजी ताटात बघायला लागला. त्याचं कार्ड ताटाशेजारीच पडलं होतं. भूमिकानं ते उचललं आणि वाचलं. “आबा, व्हिजिटर लिवलंय.”

“आट वर्सं?” गणपतरावांचा हात तसाच राहिला. “कुनाच्या जिवावर?”

मी मदत करायला म्हणून बोललो, “एकाच्या न्हाय ओ, सगळ्यांच्या.” पिराजीनं माझ्याकडं असं बघितलं, की मी उरलेला दहीभात घाईनं संपवला.

“खरं हाय,” पिराजी म्हणाला. “मेस लावलेली न्हाय. तुमी इचारलं तवा लाज वाटली, म्हनून बोललो.”

भूमिकानं कार्ड खाली ठेवलं नाही. “आट वर्सं न्हाय वाटली ती?”

“तवा कुपन हुतं. कुपन खोलीत घ्यायचो, कुनाला दिसत न्हवतं. कार्ड दारात दावाय लागतंय. दारात वाटती.”

“ओ पावणं,” अक्का मध्ये पडली, “फुकाट न्हाय खाल्लं त्यानं. पैसे भरलेलंच खाल्लं, दुसऱ्यानं भरलेलं. माझं काय गेलं?”

“तुमचं काय बी न्हाय गेलं ओ,” गणपतराव म्हणाले. “माझी पोरगी जानार हाय.”

गणपतरावांनी टोपी सारखी केली आणि ते उठायला लागले. भूमिका बसूनच राहिली.

“आबा, एक म्हैना बघू की.”

“काय बघायचं?”

“ह्यांनी सोताच्या नावावर, सोताच्या पैशानं जेवायचं. एक बी घास दुसऱ्याच्या कार्डावर न्हाय. म्हैन्यानं मी फोन करून इचारीन.”

“करा, मी सांगतो की,” पिराजी घाईनं म्हणाला.

“तुमाला कोन इचारतंय? मी अक्कास्नी इचारीन.”

सोमवारी पिराजीनं अक्काच्या हातात महिन्याचे पैसे ठेवले. सोमशेखरनं त्याला व्हिजिटरमधून काढून कामगारात घातलं. दारात तो एकटा गेला, बारीक ‘टीं’ वाजलं, आणि कुणीही घास थांबवून बघितलं नाही.

आणि मग तो जेवायला बसला. इतकी वर्षं आम्ही ज्याला दोन भाकऱ्यांत उठणारा भिडस्त माणूस समजत होतो, तो पाहुण्याचा संकोच होता, हे त्या रात्री कळलं. तिसरी भाकरी त्यानं मागितली. चौथीला नुसता हात वर केला. पाचवीला “अक्का, गरम बघून!” असा पुकारा झाला. दही दोनदा. आम्ही बुधवारी मटणाला चला म्हटलं तर म्हणाला, “खाडा धरनार न्हाय. एक बी न्हाय. पैसे भरल्यात.” अक्का तव्यापुढून वळून वळून त्याच्याकडं बघायची. दुसऱ्या आठवड्यात तिनं ज्वारीचं पोतं वेळेआधी मागवलं.

महिना संपला त्या संध्याकाळी काउंटरवरचा फोन वाजला. पिराजी ताटावर होता. तो घास तसाच धरून बसला, आणि आमच्यापैकी कुणी चटणीसुद्धा मागितली नाही.

“हॅलो? कोन, शिरोळ?” गौराक्का ओरडली. फोनवर ती नेहमी शिरोळला थेट ऐकू जाईल एवढ्यानंच बोलायची. “व्हय... व्हय, जेवला. रोज जेवला... दुसऱ्याच्या? न्हाय गं बाई, सोताच्याच... पावणा हुता तवा दोन भाकरीत उठायचा. पैसे भरल्यापास्नं पाच खातोय, वर माझ्याच दह्याला नावं ठेवतोय... काय म्हन्तीस? व्हय, माणूस चांगला हाय, कुनाला वाईट न्हाय. पन मला ह्यो परवडंना झालाय. तुझ्या बाला सांग, तारीख काढा आन् लौकर घेऊन जावा ह्येला.”